डिमेन्शिया : सांभाळणाऱ्याला कोण सांभाळणार?



काही वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. पंचाहत्तरी ओलांडलेल्या एक आजी दर महिन्याला माझ्या दवाखान्यात यायच्या. बीपी, शुगर आणि त्यावर डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश. सोबत सून. मी आजींचं बीपी बघायचो, पायावरची सूज बघायचो, गोळ्या लिहून द्यायचो. सूनबाई खुर्चीच्या मागे उभ्या राहून आजींची पर्स, चप्पल आणि हात असं तिन्ही सांभाळत असायच्या.

एक दिवस आजींच्या दंडावरचा पट्टा सोडता सोडता मी सहज म्हणालो, "वहिनी, बसा जरा, तुमचंही बघू." बीपी निघालं १८०/११०. दहा मिनिटांनी पुन्हा बघितलं, तेवढंच.

"डोकं दुखतं का?"

"दुखतंय की, पण ते रोजचंच. माझं ऱ्हाऊ दे डॉक्टर. आत्याबाईंना झोपेचं काय तर द्या. रातभर दार वाजवत्यात, माहेरला जायचं म्हणत्यात."

दीड वर्ष त्या माझ्यासमोर उभ्या होत्या. मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. ही चूक माझी होती, आणि ती कबूल केल्याशिवाय पुढचं लिहिणं बरोबर नाही.

मग मी काय केलं? बीपीची गोळी सुरू केली आणि सगळेच करतात तेच केलं. मोबाईलवर डिमेन्शियाच्या रुग्णाची काळजी कशी घ्यावी याचे दोन चांगले व्हिडिओ आणि एक मोठा लेख पाठवून दिला. आपण मोठं काम केलं असंही वाटलं. पुढच्या महिन्यात विचारलं, "बघितले का व्हिडिओ?" त्या हसल्या. "कवा बघू डॉक्टर? आत्याबाई झोपल्या की मी झोपतो."

आजचा लेख या एका उत्तराबद्दल आहे. डिमेन्शियाच्या रुग्णाला घरी सांभाळणाऱ्यांसाठी ऑनलाइन मदत आज भरपूर उपलब्ध आहे. ती उपयोगी आहेच. पण नुसती लिंक पाठवून आधार मिळत नाही. त्या लिंकच्या पलीकडे एक माणूस असावा लागतो, आणि ती उघडायला अलीकडे अर्धा तास मोकळा असावा लागतो. हे माझं मत का झालं, ते आता सविस्तर बघू.

हा म्हातारचळ नव्हे, आजार आहे

आपल्याकडे "साठी बुद्धी नाठी" म्हणून विषय संपवायची सवय आहे. वयानुसार थोडं विसरणं होतंच. चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, नाव जिभेवर येऊन अडकतं. डिमेन्शिया वेगळा. यात मेंदूच्या पेशी हळूहळू निकामी होतात. चष्मा कुठे ठेवला हे विसरण्यापर्यंत गोष्ट थांबत नाही, चष्मा कशासाठी असतो तेच कळेनासं होतं. अल्झायमर हा याचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब होऊन होणारा प्रकारही आपल्याकडे बराच दिसतो. स्मरणशक्तीबरोबर रस्ता, पैशांचा व्यवहार, कपडे घालणं, बोलणं आणि स्वभाव हे सगळं बदलत जातं.

भारतात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार साठ वर्षांवरील ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया आहे. म्हणजे देशभरात सुमारे ८८ लाख लोक. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त आढळलं. आपल्या जिल्ह्यापुरता अंदाज करून बघा. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाख ७६ हजार होती. त्यात दहा टक्के ज्येष्ठ धरले आणि देशाची सरासरी लावली, तरी आकडा २८ हजारांच्या पुढे जातो. हा ढोबळ हिशेब आहे, पण याचा अर्थ असा की जवळपास प्रत्येक गल्लीत असं एखादं घर आहे. आपल्याला ते दिसत नाही, कारण त्या घरातल्या माणसांनी लोकांत येणं बंद केलेलं असतं.

घरातला दुसरा रुग्ण

डिमेन्शियात एक रुग्ण आपल्याला दिसतो आणि दुसरा दिसत नाही. दुसरा म्हणजे सांभाळणारा, बहुतेक घरांत सांभाळणारी. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार डिमेन्शियाच्या रुग्णांची जी काळजी घरची माणसं विनामोबदला घेतात, त्यातले सुमारे ७० टक्के तास स्त्रियांचे असतात, आणि असा माणूस दिवसाला सरासरी पाच तास या कामात असतो. आपल्याकडच्या सुनेला विचाराल तर ती म्हणेल, पाच तास तर मला रात्रीचेच लागतात.

हे काम थकवतं ते का, हे बाहेरच्यांना कळत नाही. अंथरुणावरच्या इतर रुग्णाची सेवा करताना तो निदान ओळखतो, "बाळा, दमलीस का?" म्हणतो. इथे सेवा करणाऱ्यावरच चोरीचा आळ येतो. "माझ्या बांगड्या हिनं घेतल्या" हे वाक्य मी कितीतरी घरांतून ऐकलं आहे. एकच प्रश्न तासात वीस वेळा येतो. आंघोळीला नकार, औषध थुंकणं, संध्याकाळ झाली की अस्वस्थ होऊन "मला घरी जायचंय" म्हणणं. स्वतःच्याच घरात बसून.

आपल्या सीमाभागात अजून एक गोष्ट दिसते. गडहिंग्लज, शिरोळकडच्या एखाद्या आजींचं माहेर कानडी असतं. पन्नास वर्षं मराठी घरात काढलेली असतात. आजार वाढतो तसं नंतर शिकलेली भाषा आधी पुसली जाते आणि आजी पुन्हा कानडी बोलू लागतात. नातवंडांना कळत नाही, सुनेला अर्धंच कळतं. मग शेजारचे म्हणतात, "बाहेरचं काहीतरी लागलंय, देवऋषाला दाखवा." असं काही नसतं. मेंदूतल्या जुन्या आठवणी शेवटपर्यंत तग धरतात, एवढाच त्याचा अर्थ.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' हा चित्रपट काहींनी बघितला असेल. डॉ. मोहन आगाशे यांनी त्यात अल्झायमर झालेल्या संस्कृत पंडिताची भूमिका केली आहे. मुलगी त्यांना गाडीत बसवून काही क्षणांसाठी बाजूला होते आणि तेवढ्यात ते एका हत्तीच्या मागे निघून जातात. तो काही क्षणांचा अपराधभाव प्रत्येक सांभाळणाऱ्याच्या ओळखीचा असतो. शिवाय चिडून ओरडल्याचा, एखाद्या दिवशी हात उगारल्याचा, "सुटका होऊ दे" असं मनात आल्याचा अपराधभाव. ही माणसं वाईट नसतात, थकलेली असतात.

शरीरावर परिणाम होतोच. वाढलेलं बीपी, पाठदुखी, ॲसिडिटी, झोप न होणं, स्वतःच्या गोळ्या चुकणं. मनावरचा परिणाम आणखी खोल असतो. तुम्ही कुणाला सांभाळत असाल तर स्वतःला हे चार प्रश्न विचारा :

- गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस उदास किंवा हताश वाटलं का?
- पूर्वी ज्यात मन रमायचं, त्यात आता काहीच रस वाटत नाही का?
- गेल्या महिन्यात स्वतःचं औषध किंवा तपासणी टाळली का?
- घराबाहेर, स्वतःच्या कामासाठी, शेवटचं कधी गेलात?

पहिल्या दोनपैकी एकाचंही उत्तर "हो" असेल, तर तुमच्या नावाचा केस पेपर काढायची वेळ झाली आहे. रुग्णाचा नव्हे, तुमचा.

ऑनलाइन आधार : काय काय मिळतं?

ऑनलाइन म्हटलं की सगळं एकाच पिशवीत टाकलं जातं. प्रत्यक्षात यात चार वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली, माहिती. लेख, व्हिडिओ, पुस्तिका. इंग्रजीत भरपूर, हिंदीत बऱ्यापैकी, मराठीत कमी. दुसरी, शिकवणारे अभ्यासक्रम. जागतिक आरोग्य संघटनेने 'आयसपोर्ट' नावाचा खास सांभाळणाऱ्यांसाठीचा कार्यक्रम तयार केला. त्यात पाच भाग आणि २३ धडे आहेत. तिसरी, आपल्यासारख्याच माणसांचा गट, म्हणजे व्हॉट्सॲप गट किंवा व्हिडिओ कॉलवरची बैठक. चौथी, प्रशिक्षित माणसाशी फोनवर बोलणं. सरकारची 'टेली-मानस' ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं. ज्येष्ठांच्या प्रश्नांसाठी १४५६७ ही 'एल्डरलाइन' आहे.

या चौघांचं काम एकच नाही. माहितीने समज येते. गटाने एकटेपण कमी होतं. प्रशिक्षित माणूस आजच्या रात्रीचा प्रश्न सोडवायला मदत करतो. मी त्या वहिनींना पहिली गोष्ट दिली होती. त्यांना गरज होती तिसऱ्या आणि चौथीची.

दोन अभ्यास, एक धडा

हे केवळ माझ्या दवाखान्यातलं निरीक्षण नाही. दोन भारतीय अभ्यास शेजारी ठेवून बघा.

पहिला आपल्या शेजारच्या गोव्यातला. 'संगथ' ही संस्था, डॉ. अमित डायस आणि त्यांचे सहकारी यांनी दोन तालुक्यांत डिमेन्शियाच्या रुग्णांची ८१ कुटुंबं घेतली. हा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या कुटुंबांकडे सहा महिने, साधारण दर पंधरा दिवसांनी किमान एकदा, एक 'होम केअर ॲडव्हायझर' जात असे. ही माणसं डॉक्टर नव्हती, नर्सही नव्हती. स्थानिक भाषा बोलणारी साधी माणसं, थोड्या दिवसांचं प्रशिक्षण दिलेली. पाठीशी मानसोपचारतज्ज्ञ. ती घरी जाऊन आजार समजावत, आंघोळीला नकार किंवा रात्रीचं भटकणं यावर काय करायचं ते सांगत, गरज पडली तर तज्ज्ञांकडे पाठवत, सरकारी योजनांची माहिती देत, आणि अशाच दुसऱ्या कुटुंबाशी ओळख करून देत. उरलेल्या कुटुंबांना त्या काळात फक्त माहिती मिळाली. सहा महिन्यांनी ज्यांच्या घरी माणूस जात होता, त्या सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य सुधारलेलं दिसलं आणि रुग्णाच्या वागण्याचा त्रासही कमी वाटू लागला होता.

दुसरा अभ्यास 'आयसपोर्ट'चा. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेतील तज्ज्ञांनी तो भारतीय परिस्थितीला अनुसरून बदलून घेतला आणि ऑनलाइन तपासून बघितला. त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. १५१ सांभाळणारे सामील झाले, पण निम्म्याहून अधिक जण शेवटच्या मोजणीपर्यंत टिकले नाहीत. सांभाळणाऱ्यांचं नैराश्य आणि ओझं यात ठळक फरक दिसला नाही. रुग्णाकडे माणूस म्हणून बघण्याची दृष्टी मात्र सुधारली.

कृपया याचा अर्थ "ऑनलाइन म्हणजे बेकार" असा काढू नका. तो कार्यक्रम चांगला आहे, धडे उत्तम आहेत. अडचण वेगळी आहे. ज्या घरात बसून जेवायला वेळ नाही, तिथे २३ धडे एकट्याने कोण पूर्ण करणार? दोन्ही अभ्यासांची माणसं वेगळी, पद्धत वेगळी, त्यामुळे थेट तुलना करणं शास्त्रीय होणार नाही. पण डॉक्टर म्हणून मी त्यातून एवढा धडा घेतला : मदतीला चेहरा आणि आवाज असेल तर ती पोचते. तो आवाज दारात आला तर उत्तम. दारात येणं शक्य नसेल तर फोनवर येऊ दे. पण आवाज माणसाचा हवा.

त्या वहिनींच्या बाबतीत मी पुढे जे केलं ते अगदी साधं होतं. माझ्याच दुसऱ्या एका रुग्णाची पत्नी, वडगावकडची, चार वर्षं नवऱ्याला सांभाळत होती. दोघींची परवानगी घेऊन दोघींचे नंबर एकमेकींना दिले. दुपारी भांडी घासताना, कानात हेडफोन घालून, पंधरा मिनिटं बोलायच्या. दीड महिन्यांनी वहिनी म्हणाल्या, "आत्याबाई माहेरला जायचं म्हणाल्या की मी आता 'न्हाई' म्हणत न्हाई. 'चला की, आधी च्या घेऊ' म्हणतो. त्या ताईंनी सांगितलं." हेच त्या व्हिडिओतही होतं. पण व्हिडिओने त्यांना सांगितलं नाही, त्या ताईंनी सांगितलं. बीपी लगेच जादूने उतरलं नाही, पण गोळी रोज घेतली जाऊ लागली. मला तेवढं पुरेसं होतं.

मग ऑनलाइन मदत कशी वापरायची?

१. *एका वेळी एकच प्रश्न.* "डिमेन्शिया म्हणजे काय" यावर तासभराचा व्हिडिओ बघू नका. आज आंघोळीचा प्रश्न आहे ना? तेवढाच शोधा, तेवढंच विचारा. पाच मिनिटं पुरतात.

२. *वाचता येत नसेल तर ऐका.* व्हॉइस मेसेज हे सांभाळणाऱ्यांसाठी वरदान आहे. पोळ्या लाटताना ऐकता येतो, टाइप न करता उत्तर देता येतं. माहिती देणाऱ्यांनी लांब लेखांपेक्षा दोन मिनिटांचे मराठी आवाज द्यावेत असं मला वाटतं. (हो, हा लेख लांब आहे. घरातल्या कुणीतरी वाचून सांभाळणाऱ्याला दोन वाक्यांत सांगावा.)

३. *गट लहान ठेवा.* आठ-दहा कुटुंबांचा गट चालतो. दोनशे जणांच्या गटात सुप्रभात आणि फॉरवर्ड येतात. नियम तीनच : फॉरवर्ड नाही, औषधाचं नाव सुचवायचं नाही, गटातलं बाहेर सांगायचं नाही. आपल्याकडे भिशी आणि बचत गट ज्या शिस्तीने चालतात, तीच शिस्त इथे हवी.

४. *रुग्णाचे व्हिडिओ टाकू नका.* आजी विचित्र वागतात ते दाखवण्यासाठी व्हिडिओ काढून गटात किंवा स्टेटसला टाकलेले मी बघितले आहेत. त्यांना कळत नसलं तरी तो त्यांचा मान आहे. डॉक्टरांना दाखवायला व्हिडिओ जरूर काढा, त्याचा निदानाला उपयोग होतो. दाखवून झाला की पुसून टाका.

५. *रोज ठरलेली वेळ.* "कधीतरी बोलू" म्हटलं की बोलणं होत नाही. दुपारी तीनची पंधरा मिनिटं ठरवा. तेवढा वेळ रुग्णाजवळ दुसरं कुणी बसेल हे घरात सांगून ठेवा. हा वेळ मागण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

६. *पैशांचे आणि कायद्याचे प्रश्न गटात सोडवू नका.* रुग्णाची समज शाबूत आहे तोवर मृत्युपत्र, बँकेचं जोडखातं, वारस नोंद हे सगळं वकिलांना विचारून करून घ्या. समज गेल्यावर नुसत्या मुखत्यारपत्रावर विसंबता येत नाही, पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागू शकतं. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं आहे, त्यामुळे निदान मुंबईची फेरी वाचण्याची शक्यता आहे. आणि हो, रुग्णाच्या मोबाईलवरचं बँकेचं ॲप काढून टाका. ओटीपी मागणाऱ्या भामट्यांना असा माणूस सोपा सापडतो.

फोनवरच्या या गोष्टींवर विश्वास ठेवू नका

"पंधरा दिवसांत स्मरणशक्ती परत", "या तेलाने अल्झायमर बरा", "मेंदूसाठी स्टेम सेल". अल्झायमर पूर्ण बरा करणारं औषध आज नाही. जी औषधं आम्ही देतो, त्यांनी काही रुग्णांत लक्षणं काही काळ थोडी सावरतात, एवढंच. मात्र विसरण्याची काही कारणं बरी होण्यासारखी असतात : बी-१२ ची कमतरता, थायरॉईड कमी असणं, नैराश्य, डोक्याला मार लागून साचलेलं रक्त. म्हणून निदान ऑनलाइन करून चालत नाही. एकदा प्रत्यक्ष तपासणी, रक्ताच्या चाचण्या आणि गरजेनुसार स्कॅन व्हायलाच हवा.

दुसरी गोष्ट झोपेच्या गोळ्यांची. "आमच्यांना ही गोळी लागू पडली" असं गटात कुणी सांगितलं म्हणून मेडिकलमधून आणू नका. झोपेच्या आणि शांत करणाऱ्या गोळ्यांनी अशा रुग्णांत पडण्याचा, गोंधळ वाढण्याचा धोका असतो. मानसिक आजारावरच्या काही गोळ्यांनी डिमेन्शियाच्या रुग्णांत पक्षाघाताचा आणि मृत्यूचाही धोका वाढतो. कधीकधी त्या द्याव्या लागतात, पण कमीत कमी मात्रेत, कमीत कमी दिवस आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. सर्दीच्या साध्या गोळीनेही वृद्धांत गोंधळ वाढू शकतो.

कधी फोन बाजूला ठेवून थेट दवाखान्यात?

डिमेन्शिया महिन्यामहिन्यांनी वाढतो. एका दिवसात, दोन दिवसांत रुग्ण अचानक बदलला, तर ते डिमेन्शियाचं "वाढणं" नव्हे. लघवीचा जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, शरीरातलं सोडियम कमी होणं, बद्धकोष्ठता, नवीन सुरू झालेली गोळी यांपैकी काहीतरी असतं आणि त्यावर उपचार असतात. पुढीलपैकी काही दिसलं तर गटात विचारत बसू नका :

- अचानक वाढलेला गोंधळ, भ्रम किंवा गुंगी
- ताप, धाप, लघवी बंद होणं
- पडल्यानंतर डोकेदुखी, उलटी, झोपाळूपणा (काही दिवसांनी सुरू झाला तरी)
- तोंड वाकडं होणं, हातपाय लुळे पडणं, बोलणं अडखळणं
- पाणी गिळताना सतत ठसका, खाणं-पिणं बंद

यात थेट रुग्णालय, गरज असेल तर १०८. आणि सांभाळणाऱ्याच्या मनात स्वतःला संपवण्याचा किंवा रुग्णाला इजा करण्याचा विचार आला, तर तीही तेवढीच तातडीची गोष्ट आहे. १४४१६ वर लगेच बोला, घरातल्या एकाला जवळ बसवा, डॉक्टरांना गाठा. असा विचार आला म्हणून तुम्ही पापी ठरत नाही. तुमची ताकद संपत आली आहे, याची ती खूण आहे.

दूर राहणाऱ्या मुलामुलींसाठी

तुम्ही पुण्यात, बंगळुरूत किंवा परदेशात असाल आणि कोल्हापुरात भाऊ-वहिनी आईला सांभाळत असतील, तर ऑनलाइन मदतीचा खरा उपयोग तुम्हीच करू शकता. पण रोज व्हिडिओ कॉल करून "आई बारीक का झाली? तुम्ही नीट खायला घालत नाही का?" असं विचारणं ही मदत नव्हे. औषधं मागवणं, लाइट बिल भरणं, पेन्शनचे कागद, डॉक्टरांची वेळ घेणं, दिवसा चार तासांसाठी मदतनीस बाई शोधून तिचा पगार थेट पाठवणं ही कामं दुरून होतात. ती तुमच्या नावावर घ्या.

आईशी व्हिडिओ कॉल करताना तो छोटा ठेवा. "मी कोण, ओळख बघू" अशी परीक्षा घेऊ नका. "आई, मी सुनील, तुझा धाकटा" असं स्वतःच सांगा. आणि आठवड्यातून एकदा फोन करून फक्त वहिनीची चौकशी करा. आईचा विषय शेवटी. वर्षातून दोन आठवडे येऊन आईला तुम्ही सांभाळा आणि त्यांना माहेरी पाठवा. हे मात्र ऑनलाइन होत नाही.

आम्ही काय करायला हवं?

प्रथम आम्ही डॉक्टर. डिमेन्शियाच्या प्रत्येक रुग्णाच्या केस पेपरवर सांभाळणाऱ्याचं नाव, बीपी आणि झोप यांची एक ओळ असायला हवी. याला दोन मिनिटं लागतात. मी आता ती लिहितो. लिंक पाठवत असू तर पुढच्या भेटीत "बघितलं का?" असं विचारण्याऐवजी "कोणाशी बोललात?" असं विचारायला हवं.

मग व्यवस्था. आपल्याकडे गावोगावी आशा सेविका आहेत, सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत, हातात स्वस्त इंटरनेट आहे. गोव्याच्या अभ्यासात जे काम साध्या, प्रशिक्षित माणसांनी केलं, ते इथे अशक्य नाही. पण आशा सेविकांवर आधीच कामाचा डोंगर आहे. त्यांच्या माथी अजून एक रजिस्टर मारू नये. प्रत्येक तालुक्यात एक-दोन वेगळी माणसं नेमावीत, त्यांना योग्य मानधन द्यावं, पहिल्या एक-दोन भेटी घरी आणि पुढे फोनवर, व्हिडिओवर असा क्रम ठेवावा. राधानगरी, शाहूवाडी, चंदगडच्या वाडीवस्तीवर दर पंधरा दिवसांनी माणूस पोचणं अवघड आहे, तिथे फोनचं महत्त्व सर्वांत जास्त. ज्येष्ठ नागरिक संघ, भजनी मंडळं, तालमीची पोरंही यात दोन तास बसण्याचं काम करू शकतात. पोरांना एखाद्या आजोबांजवळ बसून कुस्तीच्या जुन्या गोष्टी ऐकायला सांगा. आजोबांना कालचं जेवण आठवणार नाही, खासबागेच्या मैदानातली कुस्ती आठवेल.

शेवटी एवढंच

हा लेख वाचणाऱ्यांपैकी बरेच जण स्वतः सांभाळणारे नसतील. तुमच्यासाठी एक काम. तुमच्या ओळखीत असं एक घर नक्की असेल. त्यांना हा लेख फॉरवर्ड करू नका. फोन करा. "आजी कशा आहेत?" विचारण्याआधी "तू कशी आहेस?" विचारा, आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत ऐका. मग विचारा, "रविवारी दोन तास मी येऊन बसू का?"

आणि तुम्ही स्वतः सांभाळत असाल, तर पुढच्या वेळी रुग्णाला घेऊन दवाखान्यात जाल तेव्हा खुर्चीच्या मागे उभं राहू नका. शेजारी खुर्ची ओढून बसा आणि डॉक्टरांना सांगा, "माझंही बीपी बघा." डॉक्टर विसरले असतील. मीही विसरलो होतो.